रिफ्रेश रेट शेवटी ठरवा: काम आणि गेमिंग या दोन्हींसाठी मॉनिटर निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवसभर कोड, स्प्रेडशीट आणि ब्राउझर. संध्याकाळी दोनेक तास गेम्स. सध्या २४ इंची, ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणारा) फुल एचडी मॉनिटर आहे. नवीन घ्यायचा तर १०८०पीचा, म्हणजे फुल एचडीच पण २४० हर्ट्झवाला घ्यावा, १४४०पीचा १६५ हर्ट्झवाला घ्यावा, की सरळ ओएलईडीकडे, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या पिक्सेलांच्या पडद्याकडे जावं? आणि एकच मॉनिटर दोन्ही कामं नीट करू शकतो का?

करू शकतो. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: २७ इंच, २५६० बाय १४४० रिझोल्यूशन, चांगलं आयपीएस पॅनल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) आणि १४४ ते १८० हर्ट्झ. इथून बाजूला जायला ठोस कारण असायला हवं. अशी कारणं असतात, ती पुढे येतीलच. मॉनिटर तपासणं आणि लोकांना कामाची टेबलं लावून देणं हे मी बरीच वर्षं करतोय, आणि या काळात एक गोष्ट पुन:पुन्हा दिसली. लोक खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे हर्ट्झ, आधी ठरवतात आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवतात. क्रम उलटा हवा. आधी अक्षरं, मग पॅनल, मग तुमचं ग्राफिक्स कार्ड काय झेपवतं ते, आणि त्यानंतर हर्ट्झ.

अक्षरं आधी का? कारण दिवसाचे बहुतेक तास तुमचे डोळे अक्षरांवर असतात. अक्षर किती रेखीव दिसणार हे एका इंचात किती पिक्सेल बसलेत यावर ठरतं. तुमच्या सध्याच्या २४ इंची फुल एचडीवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल आहेत. तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर ताणलं की ८२ होतात, आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसू लागतात. म्हणून २७ इंची फुल एचडी, मग तो कितीही हर्ट्झचा असो, कामासाठी घेऊ नका. २७ इंचांवर १४४०पी म्हणजे इंचाला १०९ पिक्सेल. इथे स्केलिंग (अक्षरं आणि चिन्हं मोठी करून दाखवायची सेटिंग) १०० टक्क्यांवर ठेवूनही अक्षरं वाचण्याजोगी आणि नीटस राहतात, शिवाय दोन खिडक्या शेजारीशेजारी सुखाने मावतात. ३२ इंचांवर १४४०पी घेतला तर पुन्हा ९२. जागा वाढते, रेखीवपणा आहे तिथेच राहतो. २७ इंची ४के (३८४० बाय २१६०) म्हणजे १६३ पिक्सेल: अक्षरं छापील पानासारखी दिसतात, पण स्केलिंग १५० टक्के करावं लागतं, त्यामुळे कामाची जागा १४४०पी इतकीच उरते. ज्यांचं काम केवळ मजकुराचं आहे, किंवा देवनागरीसारखी बारीक मात्रा-वेलांट्यांची लिपी ज्यांना दिवसभर वाचायची असते, त्यांना मी ४के आवर्जून सुचवतो. मात्र त्याची किंमत गेममध्ये मोजावी लागते.

ती अशी. फुल एचडीत सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख, आणि ४केमध्ये ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्रात, ग्राफिक्स कार्डाला इतके पिक्सेल रंगवायचे असतात. मॉनिटर २४० हर्ट्झचा आहे म्हणून गेम २४० फ्रेम्सने चालत नाही. कार्ड सेकंदाला ७० फ्रेम्स देत असेल तर दिसणार ७०च. डीएलएसएस किंवा एफएसआरसारखी अपस्केलिंगची, म्हणजे कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करण्याची तंत्रं बरीच मदत करतात, तरीही खरेदीआधी स्वतःच्या आवडत्या गेम्समध्ये फ्रेम काउंटर लावून पाहा. तुमचं कार्ड आज फुल एचडीलाच ८० फ्रेम्सवर दमत असेल, तर २४० आणि ३६० मधली चर्चा तुमच्यासाठी निरर्थक आहे.

आता हर्ट्झकडे येऊ. हर्ट्झचा आकडा फसवा आहे. त्याऐवजी एक फ्रेम पडद्यावर किती वेळ राहते ते पाहा. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद राहते. १४४ला ६.९, २४०ला ४.२, ३६०ला २.८. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात की प्रत्येक फ्रेममागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेलात की २.८. आणि २४० वरून ३६० वर, आणखी १२० हर्ट्झ वाढवूनही, जेमतेम १.४. पहिली उडी कुणालाही जाणवते: कर्सर फिरवताना, पान सरकवताना, खिडकी ओढताना. दुसरी उडी जलद शूटर खेळणाऱ्याला कळते. तिसरीचा फायदा ज्यांचा खेळच स्पर्धेच्या पातळीचा आहे त्यांना होतो, आणि तोही कार्ड व प्रोसेसर तेवढ्या फ्रेम्स सातत्याने देत असतील तरच.

कामातही या पहिल्या उडीचा उपयोग होतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. लांबलचक फाइल सरकवताना ६० हर्ट्झवर ओळी पुसट होतात, डोळा थांबून पुन्हा जागा शोधतो. १२० च्या वर गेलं की सरकत्या ओळीही बऱ्यापैकी वाचता येतात. जास्त हर्ट्झने डोळ्यांचे विकार टळतात असा दावा मी करणार नाही. पण दिवसभर स्क्रोल करणाऱ्याला परत ६० वर जायला सांगा, तो जाणार नाही.

हा पुसटपणा येतो कुठून, हे समजून घेतलं तर बरीच जाहिरातबाजी आपोआप गळून पडते. त्याची कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

पहिलं कारण पॅनलमध्ये नाही, आपल्या नजरेत आहे. हलती वस्तू पाहताना नजर तिच्यासोबत सलग सरकत असते, पण पडद्यावरची फ्रेम पुढची फ्रेम येईपर्यंत जागच्या जागी थांबलेली असते. तेवढ्या वेळात नजर पुढे गेल्यामुळे चित्र डोळ्याच्या पडद्यावर फराटल्यासारखं उमटतं. एखादी वस्तू एका सेकंदात फुल एचडी पडद्याची पूर्ण रुंदी, म्हणजे १९२० पिक्सेल, पार करत असेल तर ६० हर्ट्झवर हा फराटा ३२ पिक्सेलांचा असतो, १४४ वर १३ पिक्सेलांचा, २४० वर ८ पिक्सेलांचा. पॅनल कितीही तत्पर असलं तरी एवढा राहणारच. तो कमी करण्याचे मार्ग दोन: फ्रेम्स वाढवणं, किंवा प्रत्येक फ्रेमनंतर बॅकलाइट (पॅनलमागचा दिवा) क्षणभर बंद करणं. दुसऱ्या मार्गाला स्ट्रोबिंग म्हणतात. त्याने हालचाल विलक्षण स्वच्छ होते, पण उजेड घटतो, काहींना लुकलुक जाणवून डोकं दुखतं, आणि बहुतेक मॉनिटरांवर त्या वेळी बदलता रिफ्रेश रेट (ही सोय पुढे समजावली आहे) चालत नाही.

दुसरं कारण पॅनलचं. एलसीडीचा पिक्सेल एका छटेतून दुसरीत जायला वेळ घेतो. हा वेळ फ्रेमच्या वेळापेक्षा जास्त असेल तर आधीच्या फ्रेमचं भूत पुढच्या फ्रेमवर चढतं. २४० हर्ट्झच्या मॉनिटरला प्रत्येक बदल ४.२ मिलिसेकंदांत उरकावा लागतो. पिक्सेलला ९ मिलिसेकंद लागत असतील तर ते २४० हर्ट्झ कागदावर राहतात. असा मॉनिटर चांगल्या १४४ हर्ट्झवाल्यापेक्षा वाईट दिसू शकतो.

खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’वर म्हणूनच विसंबू नका. तो आकडा जीटीजी (एका करड्या छटेतून दुसरीत जायचा वेळ) असेल तर बहुधा सर्वांत अनुकूल छटाबदलाचा असतो, तोही ओव्हरड्राइव्ह टोकाला नेऊन मोजलेला. एमपीआरटी असेल तर गोष्टच वेगळी: तो स्ट्रोबिंग चालू असतानाचा, फ्रेम किती वेळ दिसते याचा आकडा आहे, पिक्सेलच्या चपळाईचा नव्हे. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलला जादा व्होल्टेजचा धक्का देऊन लवकर बदलायला लावणं. धक्का जास्त झाला की पिक्सेल हव्या त्या छटेच्या पलीकडे जाऊन परत येतो आणि वस्तूच्या मागे उजळ किंवा उलट्या रंगाची किनार दिसते. मेनूमधली सर्वांत जलद पायरी जवळजवळ नेहमी अशी किनार देते. मधली पायरी ठेवा. परीक्षण वाचताना वेगवेगळ्या छटाबदलांची सरासरी, आणि ती ६०, १२० व कमाल हर्ट्झवर वेगवेगळी मोजलेली आहे का, हे पाहा. १६५ हर्ट्झवर सुरेख चालणारं ओव्हरड्राइव्ह गेम ७० फ्रेम्सवर घसरला की किनार दाखवू लागतं. हा दोष बऱ्याच मॉनिटरांत असतो आणि दुकानातल्या फलकावर तो कधीच कळत नाही.

इथेच पॅनलचा प्रकार निर्णायक ठरतो. आयपीएसमध्ये रंग आणि बाजूने दिसणारं चित्र चांगलं, वेगही आता उत्तम. उणीव काळ्या रंगात. त्याचा कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटेचं गुणोत्तर) साधारण १०००:१ असतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळं हे गडद करडं दिसतं आणि कोपऱ्यांत किंचित उजळपणा येतो. व्हीए पॅनल ३०००:१ किंवा त्याहून जास्त कॉन्ट्रास्ट देतं, चित्रपटाला ते सुंदर. पण त्याचे अनेक नमुने गडद छटांमध्ये फार मंद असतात. काळ्यातून गडद करड्यात जायला २० मिलिसेकंदांहून अधिक लागले की अंधाऱ्या दृश्यात वस्तूंमागे काळी शाई ओघळल्यासारखी दिसते. डार्क थीममध्ये कोड सरकवतानाही हेच होतं, आणि तुम्ही कोड लिहिता म्हणून हे मुद्दाम सांगतो. काही महागडी व्हीए पॅनल्स यातून सुटली आहेत, पण नेमक्या त्या मॉडेलचं मोजमाप पाहिल्याशिवाय व्हीए घेऊ नका. टीएन आता फक्त खास स्पर्धेच्या मॉनिटरांपुरतं उरलंय. कामाला त्याचा विचार नको, कारण वरून-खालून पाहिलं की रंगच बदलतात.

ओएलईडीबद्दल मी उत्साहाने लिहू शकेन. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळं खरोखर काळं, आणि छटाबदल मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात. हालचालीच्या स्वच्छतेत २४० हर्ट्झचा ओएलईडी बहुतेक ३६० हर्ट्झच्या एलसीडींशी बरोबरी करतो. गेमसाठी आज याहून चांगलं काही नाही. पण तुमच्या दिवसाचे आठ तास स्थिर चित्राचे आहेत: टास्कबार, संपादकाची डावी पट्टी, स्प्रेडशीटचे चौकोन. हेच घटक कालांतराने पडद्यावर कायमचे उमटू शकतात. दुसरी अडचण अक्षरांची. विंडोजचं क्लिअरटाइप लाल-हिरवा-निळा असे उभे उपपिक्सेल (पिक्सेलचे रंगीत भाग) गृहीत धरून कडा गुळगुळीत करतं. क्यूडी-ओएलईडी या प्रकारात उपपिक्सेल बहुधा त्रिकोणी मांडलेले असतात, डब्ल्यू-ओएलईडी या प्रकारात बहुधा चौथा पांढरा असतो. म्हणून इंचाला १०९ पिक्सेलांवर अक्षरांच्या कडांना हलकी रंगीत झाक दिसते. २७ किंवा ३२ इंची ४के ओएलईडीवर ती जवळपास जाणवत नाही. माझं मत असं: कामाला वेगळा साधा मॉनिटर शेजारी असेल तर ओएलईडी निःशंक घ्या. एकच मॉनिटर ठेवायचा असेल आणि काम मजकुराचं असेल, तर आयपीएस.

बदलत्या रिफ्रेश रेटबद्दल थोडं, कारण माझ्या मते जादा १०० हर्ट्झपेक्षा ही सोय जास्त मोलाची आहे. कार्डाने फ्रेम तयार केली की मॉनिटर तेव्हाच ताजा होतो, त्यामुळे चित्र मधूनच फाटत नाही आणि व्ही-सिंकसारखी (फ्रेम्सना मॉनिटरच्या ठरलेल्या ठोक्यासाठी थांबवणारी जुनी सोय) अडखळही येत नाही. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं तेव्हा मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल लागायचं. २०१४ मध्ये डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने अ‍ॅडाप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्ट या जोडणीच्या मानकामध्ये घेतलं, एएमडीचं फ्रीसिंक त्यावरच उभं राहिलं, आणि २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरांसोबत चालू लागली. त्यामुळे आज खोक्यावर कोणतं नाव आहे यापेक्षा ती सोय कोणत्या हर्ट्झपासून कोणत्या हर्ट्झपर्यंत चालते ते पाहा. ४८ ते १६५ असेल तर उत्तम: फ्रेम्स ४८ च्या खाली गेल्या तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून काम भागतं. गेममध्ये फ्रेम्सची मर्यादा कमाल हर्ट्झपेक्षा तीन-चार कमी ठेवा, म्हणजे ही सोय सुटत नाही. व्हीए आणि ओएलईडीवर फ्रेम्स वेगाने वरखाली झाल्या की गडद दृश्यात उजेड लुकलुकू शकतो; मेनू आणि लोडिंगच्या पडद्यांवर ते सर्वांत जास्त दिसतं.

केबल आणि पोर्ट हा कंटाळवाणा विषय वाटतो, पण सर्वाधिक निराशा इथेच होते. डिस्प्लेपोर्ट १.४ वर १४४०पी २४० हर्ट्झ निघतो. ४केला १४४ किंवा जास्त हवे असतील तर डीएससी नावाचं कॉम्प्रेशन लागतं, जे नजरेला कळत नाही. एचडीएमआय २.० म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट: त्यावर ४केला ६० हर्ट्झ आणि १४४०पीला १४४ पर्यंत. एचडीएमआय २.१ ४८ गिगाबिटपर्यंत जाऊ शकतं, पण ‘पर्यंत’ हा शब्द लक्षात ठेवा. त्यातल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत, आणि २.० च्या क्षमतेच्या पोर्टलाही २.१ म्हणायची मुभा नियमांत आहे. म्हणून आकडा न वाचता ‘या पोर्टवर कोणत्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ’ हे मॅन्युअलमध्ये शोधा. पीएस५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स जोडायचा असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण त्यांना एचडीएमआयखेरीज मार्ग नाही आणि त्यांची मजल १२० हर्ट्झपर्यंत आहे.

ऑफिसचा लॅपटॉप एका यूएसबी-सी केबलने जोडायचा विचार असेल तर अजून एक खाच आहे. त्या केबलमध्ये चार जलद मार्गिका असतात. मॉनिटरचा यूएसबी हब वेगवान ठेवला की दोन मार्गिका डेटाकडे जातात आणि चित्राला अर्ध्याच उरतात, त्यामुळे १४४ हर्ट्झची निवडच यादीतून गायब होते. पुष्कळ मॉनिटरांच्या मेनूत हब ‘यूएसबी २.०’ वर टाकायची सोय असते. तसं केलं की चारही मार्गिका चित्राला मिळतात. कीबोर्ड-माऊसला यूएसबी २.० पुरेसं आहे. लॅपटॉप त्याच केबलने चार्ज व्हायला हवा असेल तर मॉनिटर किती वॅट देतो तेही पाहून घ्या. ६५ वॅट साध्या लॅपटॉपला पुरतात, मोठ्याला ९० लागतात. आणि केव्हीएम असेल तर घरचा संगणक व ऑफिसचा लॅपटॉप यांत कीबोर्ड-माऊस एका बटणावर फिरतो. तुमच्या वापरात या सोयीसाठी मी ४० हर्ट्झ खुशाल सोडून देईन.

एचडीआरवर (जास्त उजळ आणि जास्त गडद छटा एकाच चित्रात दाखवण्याची सोय) फार वेळ घालवू नका. डिस्प्लेएचडीआर ४०० हे चिन्ह ४०० निट्सच्या (निट हे उजेडाचं एकक) उजेडावर मिळतं, त्यात बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची सक्ती नाही, आणि तसं नसेल तर एचडीआरमध्ये पाहण्यासारखं काही उरत नाही. खरा एचडीआर हवा तर ओएलईडी किंवा शेकडो झोनचा, म्हणजे बॅकलाइटचे शेकडो भाग वेगवेगळे मंद करणारा मिनी-एलईडी. साध्या आयपीएसवर एचडीआर बंद ठेवून काम करा, रंग जास्त खरे दिसतील. आजकालची पॅनल्स रुंद रंगपट्टा दाखवतात म्हणून साधी वेबपानं भडक वाटतात. मेनूत एसआरजीबी (वेबपानांचा नेहमीचा रंगपट्टा) मोड असेल आणि त्यात ब्राइटनेस बदलता येत असेल, तर दिवसा तो वापरा.

स्टँडची उंची बदलता आलीच पाहिजे, किंवा मागे १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा छिद्रं हवीत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर एक हात. मान अवघडत असेल तर २४० हर्ट्झचा काहीच उपयोग नाही.

मग १०८०पी २४० हर्ट्झ कोणी घ्यावा? ज्याच्या संध्याकाळी काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटमध्ये रँक चढवण्यात जातात, ज्याचं कार्ड तिथे २०० च्या वर फ्रेम्स देतं, आणि ज्याचं मजकुराचं काम थोडं आहे त्याने. आकार २४ ते २५ इंचच ठेवावा. तुम्ही वर्णन केलेला दिवस तसा नाही, म्हणून तुमच्यासाठी १४४०पी १६५ हर्ट्झ.

मॉनिटर आला की पहिल्या दिवशीच विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि तिथून अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट स्वतः निवडा. नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० वरच सुरू होतो आणि लोक महिनोन्‌महिने तसाच वापरतात. दुसरा पडदा जोडला असेल तर त्याचंही तपासा. केबल शक्यतो मॉनिटरसोबत आलेलीच लावा, आणि ती मदरबोर्डच्या नव्हे, ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला. पूर्ण काळा, पूर्ण पांढरा आणि मधला करडा असे पडदे लावून मृत पिक्सेल, डाग आणि कोपऱ्यांतला उजेड बघा. टेस्टयूएफओ या संकेतस्थळावरची सरकती उडती तबकडी लावून ओव्हरड्राइव्हच्या प्रत्येक पायरीवर मागची किनार पाहा, कमाल हर्ट्झवर आणि ६० वरही. हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका, कारण पॅनलचा उजेड आणि डाग मॉडेलागणिक नव्हे, प्रत्येक नगागणिक वेगळे असतात, आणि त्याच मॉडेलचा दुसरा नग बऱ्याचदा स्वच्छ निघतो.